दहाच मिनिटं

८ जानेवारी
संकल्प: नागरिकशास्त्राच्या तासाला मी फक्त दहा मिनिटं बोलायचं. उरलेली पस्तीस मिनिटं मुलांची. लोकशाही बोलण्यातून येते, हे एकोणीस वर्षं मीच वर्गात सांगत आले आहे.

९ जानेवारी
पंचेचाळीस मिनिटं बोलले. विषयच तसा होता. भाषणस्वातंत्र्य.

२३ जानेवारी
अठरा पूर्ण झालेल्या सातही मुलांची नावं नगर कचेरीत नेऊन मतदारयादीत घातली. त्यात टॅम्सिन रोवेलही. शेवटच्या बाकावर डोळे मिटून मनन करते ती. परतताना शाळेच्या गाडीत मताचं मोल समजावलं. सगळी मंत्रमुग्ध. शाळा येईपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही.

१४ फेब्रुवारी
मार्चच्या गावसभेची विषयपत्रिका लागली. आमच्याकडे शाळेचे विषयही गावच मतदानाने ठरवतं. कलम अकरा: नागरिकशास्त्र सक्तीचं नको, ऐच्छिक करा. ऐच्छिक झालं आणि आठ मुलं मिळाली नाहीत, तर माझा वर्ग बंद.
खाली अर्जदारांच्या सह्या होत्या. नवरा, ड्वाइट, म्हणाला, अगं, नावं तरी वाच. मी वाचली नाहीत. प्रश्न तत्त्वाचा आहे, व्यक्तींचा नाही. शिवाय गावातले म्हातारेच असणार. माझी सात मतं खिशात आहेत.

३ मार्च
उद्याचं भाषण तयार. माणशी दोन मिनिटं मिळतात. माझी अकरा पानं झाली. ड्वाइटने चार ऐकली आणि सभेच्या जेवणासाठी बीन्स ओव्हनमध्ये ठेवायला उठला. जाताना म्हणाला, बीन्स मी सांभाळतो, तू पानं आवर. नवऱ्याला राज्यघटनेत गोडी नाही.

४ मार्च, दुपारी ४
शाळेच्या जिममध्ये गाव जमलं. कलम अकरा मांडायला उठली टॅम्सिन. म्हणाली, सत्ता चालवायची तर ज्यांच्यावर चालते त्यांची संमती लागते, असं बाईंनी शिकवलंय. आमची कुणी विचारली? अर्ध्या मिनिटात खाली बसली.
मग मी. दुसऱ्या पानावर सभाध्यक्ष थिबोडो म्हणाले, बाई, वेळ संपली. मी म्हटलं, प्रस्तावना तरी होऊ दे. तेवढ्यात मागून टॅम्सिन: सभाध्यक्ष, चर्चा थांबवून मत घ्यावं. नियमाला धरून, शब्द न् शब्द बरोबर. क्षणभर मला अभिमानच वाटला.
अठ्ठावन्न विरुद्ध बावन्न. कलम मंजूर. फरक सहाचा. माझी मुलं सात.
जेवणाच्या रांगेत तिला विचारलं, हे सगळं कुठे शिकलीस? म्हणाली, तुमच्याच तासाला, बाई. मी जागी असते. मग म्हणाली, राग मानू नका. बीन्स मस्त झालेत.

२८ मार्च
ऐच्छिकच्या नावनोंदणीचा कागद दारावरून काढला. दोन आठवडे होता. एकही नाव नाही. टाचणीची जागा चुकली असावी. फार वर लावली होती.
चाचणीचे पेपर तपासले. प्रश्न: नागरिकाचं पहिलं कर्तव्य कोणतं? टॅम्सिनचं उत्तर: ऐकून घेणं.
बरोबर आहे. पण फार त्रोटक. पूर्ण गुण दिले आणि समासात लिहिलं, विस्तार हवा. विस्तार कसा करायचा तेही थोडं लिहिलं. पान उलटून मागेही लिहिलं. पुढच्या वर्षी सांगायला कुणी नाही, म्हणून आणखी एक कागद जोडला.