बदकांचा स्वेटर आणि एका अणूचा थर

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून शिस्त. सहाला उठणे, व्यायाम, नऊच्या आत लॅब. माझ्या गाइड मॅडमनी काल स्पष्टच सांगितलं, महिनाअखेर कमिटी बसतेय. तोवर एक तरी चालू डिव्हाइस दाखव, नाहीतर फेलोशिप वाढणार नाही, घरचा रस्ता धर. मी म्हटलं, एक काय, अर्धा डझन देतो.
(आज साडेदहाला उठलो. शिस्त सोमवारपासून.)

७ नोव्हेंबर
ग्राफाइटच्या खड्याला चिकटपट्टी लावायची, ओढायची, परत लावायची. शेवटी एका अणूच्या जाडीचा थर उरतो, तो ग्राफीन. आई फोनवर म्हणाली, एवढं शिकून चिकटपट्ट्याच ओढतोस होय रे? उद्याच्या कॉम्प्युटरची मेमरी यातून निघेल तेव्हा कळेल.
दुपारी झकास थर मिळाला. बारीक सोन्याच्या तारा जोडल्या. डिव्हाइस तयार!

१० नोव्हेंबर
थंडी पडली. मावशीने विणलेला स्वेटर बाहेर काढला. पोपटी, त्यावर पिवळी बदकं. एंट्रन्स याच स्वेटरात पास झालो. मोजमापाच्या दिवशी हाच घालायचा, ठरलं.
डिव्हाइस मशीनच्या होल्डरमध्ये बसवताना ‘टच्’ आवाज. मग करंट शून्य. मायक्रोस्कोपमधून पाहिलं, तर थराच्या जागी खड्डा. ग्राफाइट हलक्या दर्जाचं असणार.

१४ नोव्हेंबर
दुसरंही गेलं. टच्.
शंकासूर (माझी ज्युनिअर. खरं नाव वेगळं, स्वभाव हाच) म्हणाली, दादा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. लोकरीच्या घर्षणाने अंगात वीज साठते, हात लावला की थरातून जाते आणि तो जळतो. मी म्हटलं, तू शाळेत होतीस तेव्हापासून मी पीएचडी करतोय. ती म्हणाली, हो, दिसतंय ते.
उद्धट आहे. शिवाय तो पट्टा बांधला की दावणीला बांधल्यासारखं वाटतं.

१९ नोव्हेंबर
तिसरं, चौथं. टच्, टच्. ग्राफाइटच्या दर्जाबद्दल मॅडमकडे लेखी तक्रार केली.
हल्ली दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. स्वेटर काढताना केस उभे राहतात, अंधारात ठिणग्या दिसतात. अंगात तेज संचारलंय. मोठा शोध जवळ आला की असं होत असावं.

२४ नोव्हेंबर
भीती वाटतेय. एकच थर उरलाय. हा गेला तर घरी कुठल्या तोंडाने जाऊ?
त्यात सकाळी स्वेटरवर चहा सांडला. धुवायला टाकावा लागला. अपशकुनच. सुती शर्टावर लॅबला गेलो. शंकासुराने माझा हात धरून जबरदस्तीने पट्टा बांधला. वाद घालायची ताकद नव्हती.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळी
चाललं!!! चुंबकाची ताकद वाढवत नेली आणि थराच्या दोन कडांमधलं व्होल्टेज पायरीपायरीने वर चढत गेलं, अगदी जिन्यासारखं. पुस्तकात असतं तस्सं. रडलो. मॅडमनी पाठ थोपटली. शंकासूर पट्ट्याबद्दल काहीतरी बोलत होती, नीट ऐकलं नाही.
विचार करण्यासारखी गोष्ट: स्वेटर नसताना एवढं, तर असताना काय होईल?

३० नोव्हेंबर, सकाळी
आज कमिटी. स्वेटर वाळला, मऊसूत झालाय. पट्टा नको, फोटोत वाईट दिसतो. डिव्हाइस बाहेर काढून हातात घेऊनच दाखवणार. लोकांना वस्तू जवळून बघायला आवडते.

३० नोव्हेंबर, दुपारी
टच्.
शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं म्हणे.

४ डिसेंबर
फेलोशिप वाढली! शंकासुराने २४ तारखेच्या मोजमापाचे सगळे आलेख जपून ठेवले होते, तेच कमिटीने पाहिले. त्यावरच्या शोधनिबंधात तिचं नाव पहिलं. मॅडमनी कामाची नवी वाटणी केली: मोजमाप शंकासूर करणार, मी फक्त चिकटपट्ट्या ओढणार. मशीनपासून चार हात लांब बसून. पायाभूत काम अनुभवी माणसाकडेच देतात.
लॅबच्या दारावर माझा मोठा फोटो लागलाय, स्वेटरसकट. खाली लाल अक्षरांत: ‘असे आत येऊ नये.’
फोटो छान आलाय. बदकं स्पष्ट दिसतात. खालचं वगळून मावशीला पाठवला. तिला भरून आलं. मॅचिंग हातमोजे विणायला घेतलेत.