तीन महिन्यांची मुदत

९ डिसेंबर १९३५

सही केली नाही!

रामहरी शिपाई सकाळीच कागद घेऊन वर आला. संस्थेचा नवा ठराव. यापुढे शाळेनं शिक्षकाला काढायचं तर पंधरा दिवसांची नोटीस, शिक्षकानं सोडायचं तरी पंधरा दिवसांचीच. माझ्या करारात तीन महिने आहेत. चोवीस साली मला नेमलं तेव्हा जुन्या चिटणिसांनी स्वतःच्या हातानं लिहिलेले. ते वारले, आता नवे आले, त्यांना सगळंच बदलायचंय. कागदावर सगळ्या मास्तरांच्या सह्या झालेल्या. दुर्गाबाईंचीसुद्धा! शाळेत आम्ही दोघीच बायका, निदान मला विचारायचं तरी. रामहरीला म्हटलं, वाचून सांगते. तो म्हणाला, "त्यात वाचायचं काय बाई, समद्यांनी केली की." तसाच परत पाठवला.

त्या सगळ्यांची घरं गावात आहेत. माझं घर म्हणजे शाळेच्या माडीवरची ही खोली. नोकरी गेली की खोली गेली. पंधरा दिवसांत एकट्या बाईला कोण जागा देणार? पहिला प्रश्न — बरोबर कोण आहे? टेंभुर्णीला दीर-जाऊ आहेत. हे गेले त्या वर्षी तिथे राहून पाहिलंय. पुन्हा नाही.

१० डिसेंबर

मधल्या सुट्टीत मी गेले आणि मास्तरमंडळी एकदम गप्प झाली. म्हणजे माझंच चाललं होतं.

१२ डिसेंबर

हेडमास्तर स्वतः जिना चढून आले! अकरा वर्षांत पहिल्यांदा. धाप लागली होती. खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर निबंधाच्या वह्या. गडबडीनं उचलून वळकटीवर टाकल्या. चहा टाकला. ते समजावत होते — नियम दोन्ही बाजूंना सारखाच आहे, तुम्ही उगाच एकट्या पडता. एकट्या पडता! हे मला सांगतात!

मी म्हटलं, "सारखा कसा? तुम्हाला काढलं तर तुम्ही घरी जाल. मी कुठे जाऊ?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मग मुलीला स्थळं बघताहेत त्याचं सांगत बसले. चहा आणखी मागून घेतला. चांगला पाऊण तास बसले. सही राहिली ती राहिलीच.

१५ डिसेंबर, रविवार

दुर्गाबाई आल्या. शेंगाच्या पोळ्या घेऊन! म्हणाल्या, करून टाका हो सही, तुमच्यापायी चिटणीस आम्हा सगळ्यांवर डोळे वटारतात. एवढं एक वाक्य बोलून झालं आणि मग चांगल्या पाय दुमडून बसल्या. सासूच्या नकला केल्या. मी इतकी हसले की माझं मलाच नवल वाटलं. कधी हसले होते अशी? आठवेना. निघताना म्हणाल्या, पुन्हा येते समजवायला, आणि यंदा सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, आपण बरोबर जाऊ. म्हटलं, या की!

१७ डिसेंबर

मंगळवारच्या बाजारातून दोन कपबशा आणल्या. निळ्या काठाच्या. होती ती एकच, तिचा कान उडालेला.

२२ डिसेंबर

कमिटीचे दोघे सभासद आले. चांगलंच खडसावलं मला. कायद्याचं बोलले, संस्थेच्या उपकारांचं बोलले. मीही करार उघडून दाखवला — दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय बदल नाही, असं तुमच्याच संस्थेनं लिहिलंय! नव्या कपांतून चहा दिला. प्याले. उद्या हेडमास्तर पुन्हा येणार म्हणे.

२८ डिसेंबर

इथे तरी खरं लिहावं.

आज सही करणार होते. दौत पुढे ओढली, टाक बुडवला. काढतील ही भीती खरीच आहे. कालही होती, आजही आहे. पण कमिटीशी वैर धरून तरी किती दिवस राहणार? करून मोकळं व्हावं म्हटलं. आणि पहिला विचार काय आला — सही झाली की उद्यापासून जिना कोण चढणार?

बेचाळीस वर्षांची बाई मी! लाज वाटली. तरी सही केली नाहीच.

४ जानेवारी १९३६

जिंकले!

रामहरी निरोप घेऊन आला. "आता सही नगं म्हनत्यात. तुमचं तेवढं जुनंच ऱ्हाऊ द्या, असं ठरलंय." बस्स, इतकंच. तीन महिने कायम. खोली कायम. पेढे वाटावेत असं मनात आलं. पण कुणाला?

११ जानेवारी

कुणी आलं नाही.

१५ जानेवारी

गड्ड्याची सुट्टी. सगळं गाव सिद्धेश्वराच्या तळ्याकडे लोटलेलं. मी ठेवणीतलं लुगडं नेसून दुपारपर्यंत बसले. दुर्गाबाई दिसल्या खिडकीतून. नणंदेचा हात धरून चालल्या होत्या. हाक मारणार होते, पण मारली नाही. विसरल्या असतील. त्यांना आता समजवायला यायचं कारणच काय!

२० जानेवारी

व्हरांड्यात हेडमास्तर भेटले. विचारलं, मुलीचं जमलं का? "हो, हो," म्हणाले आणि ऑफिसात गेले. कुठे जमलं, काय जमलं, काही नाही. असा संताप आला! भांडत होते तोवर माणूस होते मी. आता नुसती वरच्या खोलीतली बाई.

२७ जानेवारी

केलं एकदाचं. राजीनामा दिला. कलमाप्रमाणे तीन महिन्यांची नोटीस.

जायचं नाहीये मला. कुठे जाणार? पण तीन महिने म्हणजे काही थोडेथोडके नाहीत. अकरा वर्षं शिकवणाऱ्या बाईला कुणी असं सहज सोडत नाही. हेडमास्तर येतील. दुर्गाबाई तर येतीलच, रडतीलसुद्धा. मी दोन-तीनदा नाही म्हणेन. मग म्हणेन, बरं, तुमच्यासाठी राहते, आणि कागद मागे घेईन. संध्याकाळी खोली झाडली, शेजारून एक खुर्ची मागून आणली.

२८ जानेवारी

उत्तर आलं. राजीनामा मंजूर. आपण होऊन दिलात, तेव्हा संस्थेस मुदत पाळण्याचं कारण नाही, उद्यापासून आपण मोकळ्या आहात. खोलीची किल्ली रामहरीकडे द्यावी.