नावाआधीचं ‘डॉ.’

बाबा,

दारावरची पाटी मीच काढलीय, शोधत बसू नका. मी माझ्या गाईडसरांना घरी आणायला चाललेय आणि तुम्ही तर माझ्या नावाआधी ‘डॉ.’ रंगवून मोकळे झालात!

तुमच्या पेंटरच्या भाषेत सांगते. बी.ए. म्हणजे प्रायमर, एम.ए. म्हणजे पहिला हात. पीएच.डी.चा शेवटचा हात अजून ओला आहे. ओल्या रंगाला गिऱ्हाइकानं बोट लावलं तर केवढे ओरडता तुम्ही!

माझा प्रबंध एका परीक्षकानं अडवलाय. सर त्याचंच बोलायला येतायत. त्यांच्यासमोर ‘आमची डॉक्टर’ म्हणू नका. शेजारच्या काकूंनाही गुडघा दाखवायला बोलावू नका.

पाटी तुमच्या पलंगाखाली आहे. पीएच.डी. नाहीच मिळाली, तर ‘डॉ.’ तुम्हीच खरवडा. तुमच्या अक्षराला दुसऱ्या कुणाचा हात नको.

– चिमी