टोपीचं कलम

सदस्य निवास, तिसरा मजला
ता. ३ फेब्रुवारी

चि. खुंटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. अधिवेशन सुरू आहे आणि इथे मान वर करायला फुरसत नाही. खोलीत खुर्च्या दोन, दोन्हींवर कागदांचे ढीग, म्हणून पलंगावर बसून लिहिते आहे. दादाला सांग, त्याची बहीण ठणठणीत आहे. निवडून आल्यापासून वजन वाढलं आहे, पण सभागृहात नाही, नुसतं काट्यावर.

आता मुद्द्याचं. पेपरात वाचलंच असशील. सरकारी कचेऱ्यांत आणि सरकारी शाळांत नोकरी करणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी धर्माची खूण दिसेल असा पोशाख करायचा नाही, असा कायदा येतो आहे. त्यात आपल्या समाजातल्या बायकांचा डोक्याचा रुमालही आला. मी कायद्याच्या बाजूने आहे हे तुला वेगळं सांगायला नको. कॉलेजच्या दारात रुमाल सोडून पिशवीत कोंबला आणि संध्याकाळी तशीच उघड्या डोक्याने घरी गेले, तेव्हापासून तुझे आजोबा माझ्याशी बोलले नाहीत ते नाहीतच. शेवटच्या आजारपणातही त्यांनी दादाचा हात धरला, माझा नाही. मी ते सोसलं आणि ताठ उभी राहिले, त्याचा मला अभिमान आहे. पण प्रत्येक पोरीने ते का सोसायचं? कायदा झाला की घरी भांडायला नको. सरकारकडे बोट दाखवायचं आणि मोकळं व्हायचं.

तू रुमाल हौसेने बांधतेस, ते पाहून मी कपाळाला हात लावते आणि गप्प बसते. पण भाचीची नोकरी जाऊ देईन होय? समितीत भांडून एक कलम घालून घेतलं आहे. जिथे यंत्रं चालतात तिथे सुरक्षेसाठी डोकं झाकायला मुभा. तुझ्या सुतारकामाच्या वर्गात टोपी लागतेच. तीच दिवसभर घालायची, शिक्षकांच्या खोलीतसुद्धा. केस झाकलेले, नोकरी शाबूत, कायदाही खूश. समितीतले लोक कुरकुरले, पण मी हटले नाही. आता आत्याचं जरा कौतुक कर.

दादाला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे, तूही कमी करू नकोस.

तुझी आत्या


ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं कलम आमच्याकडे तुझ्या पत्राआधीच पोचलं. मुख्याध्यापकांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघून असे हसले, जणू मला लॉटरीच लागली आहे. चहाही त्यांनीच मागवला. मी तो प्यायले, कारण चहाचा काही दोष नव्हता.

आत्या, तुझी माया मला कळते. पण ते कलम काढून टाक. टोपी भुशासाठी असते. वर्ग संपला की आम्ही सगळे आपापली टोपी दारात नेऊन झटकतो आणि खिळ्याला अडकवतो. रुमाल मी सकाळी प्रार्थनेआधी बांधते तो संध्याकाळपर्यंत असतो. तो टोपीखाली लपवून फिरायचं म्हणजे कायद्यालाच टोपी घालायची, आणि तीही कायदा करणारीच्या सल्ल्याने! मी मुलांना रोज सांगते की सांधा नीट बसला नसेल तर फटीत लुकण भरून झाकायचा नाही, उकलून पुन्हा करायचा. आणि स्वतः रोज खोटी टोपी घालून त्यांच्यापुढे उभी राहू?

आणखी एक सांगते. शाळेच्या कचेरीतल्या बाई रुमाल बांधतात, वाचनालयातल्याही बांधतात. त्यांच्या आसपास एकही यंत्र नाही आणि त्यांना आत्या नाही. त्यांनी घरी बसायचं आणि मी टोपी घालून त्यांच्या समोरून जायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

मला हा कुणी बांधायला लावला नाही, हे तुला माहीत आहे. पहिल्यांदा बांधला तेव्हा बाबा कितीतरी दिवस ताटावरून मान वर करत नव्हते. बहिणीचं नाक कापलंस, एवढंच म्हणाले होते. बंदी यायची तर माझ्यावरही येऊ दे. चोरदरवाजा नको.

बाबांची खोकल्याची कुरबूर चालू आहे, पण बोलण्याची त्याहून जास्त. माझा हट्ट पोटात घाल.

तुझी खुंटी


ता. १८ फेब्रुवारी

चि. खुंटीस अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. हा ताठा कुठून आला म्हणून विचारणार होते, पण खोलीत आरसा आहे.

तू तुझ्यापुरतं बोलतेस. तू शिकलेली, मिळवती, घरात वडील रुमालाच्या विरोधात. तुझ्या हट्टाला हट्ट म्हणायची चैन परवडते. ज्या पोरीच्या डोक्यावर तो बापाने, भावाने नाही तर गल्लीने बसवला आहे, तिचं काय? तिच्या वतीने कोण बोलणार? मी बोलणार. त्यासाठीच निवडून आले आहे.

माझं एक काम कर. तुझ्या वर्गात ज्या मुली रुमाल बांधून येतात, त्यांना एकेकीला बाजूला घे आणि हा सकाळी कुणी बांधला, असं विचार. बाई म्हणून नको, मोठ्या बहिणीसारखं विचार. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं मला कळव. माझ्या भाषणाला उपयोगी पडेल असं मला वाटतं, आणि तू लपवणार नाहीस याचीही खात्री आहे.

कलम सध्या आहे तिथेच आहे. दादाला खोकल्यावर औषध घ्यायला सांग, भाषण करायला नको. राग गेला की पुन्हा गोड लिहीन, तोवर हेच गोड मान.

तुझी आत्या


ता. २ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

विचारलं. जसंच्या तसं कळवते.

रुमालवाल्या मुली तिघी. एक म्हणाली, मला आवडतो. दुसरी हसली आणि म्हणाली की याचा कधी विचारच केला नाही, दात घासण्याचा कुठे करतो. तिसरी माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. शेवटच्या वर्षाला आहे, वयाने सज्ञान, हाताला इतकी सफाई की तिने बसवलेला सांधा बोटाला लागत नाही. ती म्हणाली की रुमाल वडिलांच्या धाकाने बांधते, वर्गात टोपी घालायच्या निमित्ताने सोडायला मिळतो म्हणून सुतारकाम घेतलं, आणि कायदा लवकर यावा म्हणून ती रोज देवाजवळ मागते.

आत्या, हे तुझ्या बाजूचं आहे. मला ऐकून फार वाईट वाटलं. इतके दिवस ती माझ्यासमोर उभी होती आणि मला वाटायचं की आम्ही दोघी एकाच कारणासाठी डोकं झाकतो. भाषणात सांगायचं तर सांग, फक्त तिची ओळख कळू देऊ नकोस.

पुढचंही सांगते. मी तिला म्हटलं की माझ्या वर्गात तुझं डोकं तुझं आहे, कायद्याची वाट कशाला बघतेस? दुसऱ्या दिवशी ती घरूनच उघड्या डोक्याने आली. दुपारी वडील हजर. टेम्पो चालवतात, आडदांड माणूस. मुलीला बिघडवणारी बाई कोण ते बघायला आले होते आणि समोर मी, डोक्याला रुमाल बांधलेली. त्यांना आधी वाटलं की मी त्यांच्याच बाजूची. मी त्यांना सांगितलं की हा मी रोज देवासाठी स्वतः बांधते, दुसऱ्या कुणी माझ्या डोक्यावर बांधला असता तर मी त्याला प्रार्थना म्हटलं नसतं, आणि तुमच्या मुलीचाही देवाकडे जमा झालेला नाही. ते बाकावर बसले. मग यातलं तिचं काम कुठलं, असं विचारलं. मी तिने केलेली पेटी दाखवली. त्यांनी तिच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि ते निघून गेले.

मुलगी अजून उघड्या डोक्यानेच येते. वडील घरात तिच्याशी बोलत नाहीत, पण शाळेतून काढलंही नाही. म्हणजे जिंकलं असं नाही. ती मात्र मान वर करून चालते, आणि मला तिचा इतका अभिमान वाटतो की रंधा मारताना उगाच हसू येतं.

तुला जे ठरवायचं ते ठरव. मी कळवायचं ते कळवलं. माया आटू देऊ नकोस.

तुझी खुंटी


सदस्य निवास
ता. २० मार्च

चि. खुंटीस अ. उ. आ.

तू रेडिओवर ऐकलं असशीलच, तरी माझ्या तोंडून ऐक.

तुझ्या पत्रावरून मी भाषण लिहिलं होतं. तिसऱ्या मुलीचं उदाहरण असं बसवलं होतं की विरोधकांची दातखीळ बसावी. लिहून झालं आणि मोठ्याने वाचून बघायला लागले, तर त्या टेम्पोवाल्यापाशी येऊन अडकले. तो माझ्याकडे आला असता तर? माझं उघडं डोकं बघून दारातूनच फिरला असता, आणि दुसऱ्या दिवशी मुलीचं शिक्षण बंद. तो तुझ्याजवळ बसला, कारण तुझ्या डोक्यावर रुमाल होता. आणि तू टोपी घालायची नाहीस, म्हणजे मी कायदा करणार होते तो नेमका तुलाच त्या वर्गातून बाहेर काढणारा. त्या पोरीच्या वतीने बोलायला आले होते ना मी? मग तिच्या बाजूने उभी राहिलेली एकुलती एक बाई मी हाकलून देत होते.

उभी राहिले. पहिल्यांदा माझं टोपीचं कलम मागे घेतलं. आमच्या बाकांवरून टाळ्या पडल्या, त्यांना वाटलं मी आणखी कडक झाले. मग कायद्याच्या विरोधात मत देणार असल्याचं सांगितलं आणि का तेही सांगितलं. टाळ्या थांबल्या. शेजारच्या सदस्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. कायदा मंजूर झाला. माझ्या पक्षाने खुलासा मागवला आहे. पुढच्या खेपेला उमेदवारी मिळायची नाही, हे शिपायालासुद्धा कळलं असावं, कारण आज त्याने चहा गार आणला.

खुंटे, माझं कलम राहिलं असतं तर तुझी नोकरी वाचायची वाट तरी राहिली असती. ते मी मागे घेतलं, तुझ्या सांगण्यावरून आणि माझ्या हाताने. त्याचं मला फार दुःख आहे. रडले, हेही लिहिते. पण सभागृहाच्या पायऱ्या उतरताना पाय जड नव्हते. एवढी मोठी हार खाऊन इतक्या ताठ मानेने मी कधी चालले नव्हते, आणि तेव्हा मनात सारखं हेच होतं की ही माझी भाची आहे.

काय करणार आहेस ते लगेच कळव. पैसे पाठवू का, असं विचारत नाही, तू फाडून खाशील. माझा लोभ आता दुप्पट धर.

तुझी आत्या


ता. ९ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं भाषण आम्ही वर्गात ऐकलं. यंत्रं बंद केली होती आणि मुलं फळ्यांवर बसली होती. तू कलम मागे घेतलंस तेव्हा मुलं माझ्याकडे बघायला लागली. ती माझी आत्या आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सांगताना आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

मुख्याध्यापक भला माणूस. नोकरीवरून काढल्याचा हुकूम हातात देताना त्यांनी मला पुन्हा विनवलं की नुसती टोपी घालून ये, मी बघणार नाही. मी नाही म्हटलं. बाबा न्यायला आले होते. देव न मानणारा माझा बाप मुख्याध्यापकांना म्हणाला की पोरीला समजावण्यात वेळ घालवू नका, ही आपल्या आत्यावर गेली आहे. वाटेभर ते एकदाही खोकले नाहीत, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं.

आम्ही कोर्टात जात आहोत. कचेरीतल्या बाई, वाचनालयातल्या बाई आणि मी. वकिलीणबाईंच्या खोलीत बसलो होतो, तर दारात माझी ती तिसरी विद्यार्थिनी, उघड्या डोक्याने, धापा टाकत. मला वाटलं घरी काही झालं. झालं होतंच. वडील तिच्याशी बोलायला लागले होते. कायदा झाल्यापासून ते गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतात की काय करणार, सरकारने काढायला लावला, पोरीचा दोष नाही. शेजारणी येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवतात. घरात पुन्हा गोडीगुलाबी आहे, आणि पोरगी संतापाने लाल झाली होती. ती म्हणाली की कायद्याच्या आधी, बापाच्या डोळ्यांत बघून मी तो माझ्या हाताने सोडला होता आणि आता कुणी ते मानायलाच तयार नाही. सरकारने ते माझ्याकडून चोरलं, असं ती म्हणाली.

वकिलीणबाईंनी तिला विचारलं की तुझं तर कायद्याने काहीच गेलं नाही, मग अर्जात कशी येणार? ती म्हणाली, सगळ्यात जास्त माझंच गेलं आहे.

आत्या, त्या वेळी तू इथे असायला हवी होतीस. अर्ज काल दाखल झाला. पहिलं नाव तिचं आहे, तिने हट्टाने वर घालून घेतलं. त्याच्या खाली माझं.

आता आम्हा दोघींवर सारखाच लोभ ठेव.

तुझी खुंटी