उपडा रांजण

९ डिसेंबर
मीनाक्षीताई, लिहायला उशीर झाला, माफ करा. रोज एक पान लिहून त्याचा फोटो धाडा म्हणालात, पण हा आठवडा तुमच्या किल्ल्या ओळखण्यातच गेला. एका घराला एवढी कुलपं! बाजारहत्नूरला माझं किराणा दुकान आयुष्यभर एका कडीवर चाललं.

घर मात्र झकास आहे. ओट्यावर बसलं की समोर पैनगंगा, पलीकडे महाराष्ट्र. सकाळी धुकं असं बसतं की नदी आहे की कुणी चोरून नेली, कळत नाही. चिंतामणरावांच्या दम्याला ही थंडी सोसत नाही, म्हणून तुम्ही हिवाळाभर हैदराबादला लेकाकडे. मला काय, सुनेच्या तोंडापेक्षा थंडी बरी. मी चौथी शिकलेला, पण बोललेलं लक्षात ठेवतो. हिवाळाभर घर नीट सांभाळलं तर बाहेरची खोली कायमची माझी, असं तुम्ही म्हणालात. तुम्हीही लक्षात ठेवा.

१४ डिसेंबर
नदीकडच्या फाटकापाशी रांजण रोज भरून ठेवा, हे तुमचं फर्मान. खाली रेतीवर गावची मयतं जाळतात, आणि परतणारी माणसं तुमच्या फाटकाशी पाय धुऊन घरी जातात. म्हणजे पुण्य तुमचं आणि चिखल माझा. एवढी नदी समोर वाहते, तरी यांना रांजण पाहिजे! परवाच उपडा करून ठेवला.

शेजारच्या वांग्याच्या मळ्यातली तुळजाबाई कुंपणावरून ओरडली, काऊन हो काका, रांजणाले झोपवलं का? थंडी वाजून राह्यली त्याले, मी म्हणालो. बाई हसली नाही. या लोकांना विनोद कळत नाही.

तिचा दीर भगवंतराव रोज चहाच्या वासावर येतो. डाव्या पायाला अंगठा नाही, मळणीयंत्रात गेला. ती गोष्ट रोज सांगतो आणि रोज वेगळी सांगतो. चिखलाचे पाय घेऊन थेट तुमच्या पांढऱ्या फरशीवर यायला बघतो. आधी पाय धुऊन या म्हटलं, तर उपड्या रांजणाकडे बोट दाखवून विचारतो, कायनं धुऊ? अडाण्यांना उलट उत्तरं बरी सुचतात. मी त्याला उंबऱ्याबाहेरच बसवतो. चहा पण पाणी घालून.

२१ डिसेंबर
भगवंतराव मेला. नदीतली पंपाची मोटार काढायला उतरला आणि पाय सरकला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने थंडीत पाण्यात उतरायचं, याला काय म्हणावं? शेजार पडला म्हणून मातीला जावं लागलं. लाकडं ओली, जाळ कमी आणि धूर जास्त. मरणसुद्धा धड करता येत नाही.

येताना सगळे फाटकाशी थांबले. उपड्या रांजणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पाय धुवायला पुन्हा नदीवर गेले. तुळजाबाई तेवढी बोलली. तसेच घरात नका जाऊ काका, म्हणाली, गेलेला माणूस पायामांगं येते, पाण्यापाशीच सुटते.

माझे गुडघे आधीच ठणकत होते. त्या बर्फात पाय घालायला मी काय तिच्यासारखा आहे? सरळ आत आलो आणि शेगडी पेटवली.

२३ डिसेंबर
फरशीवर राखेचे पाय. उंबऱ्यापासून शेगडीपर्यंत. माझेच असणार, म्हणून पुसले. पुसताना दिसलं, डाव्याला चारच बोटं. राख नीट उमटली नसेल.

२६ डिसेंबर
पुसले. जेवून उठलो तर पुन्हा तेच. आता ओले. स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यापाशी. मेला तरी हावरटपणा गेला नाही.

घाईघाईने रांजण भरला. काय उपयोग? रांजण बाहेर, तो आत.

हे पान धाडत नाही. म्हातारा खुळावला म्हणाल, आणि माझी खोली जाईल.

२९ डिसेंबर
आता स्वराच्या खोलीत. तुमच्या नातीच्या पलंगाभोवती, गोल गोल. भर दुपारी. तिच्या गोधडीचं एक टोक भिजलेलं.

खोलीला बाहेरून कडी घातली.

३० डिसेंबर
तुमचा पुतण्या जयदीप गाडी घेऊन आला. स्वराला तिच्या गोधडीशिवाय झोप येत नाही म्हणे. लाडाला काही मर्यादा? मोठा इंजिनिअर, बूट न काढता थेट आत. काका, फरशी ओली कशी, विचारलं. पुसली, म्हणालो. जाताना फाटकाशी पाय धुऊन जा, एवढं जिभेवर आलं होतं. पण तो हसला असता, तुम्हाला सांगितलं असतं. खोली —

तो गोधडी घेऊन गेला, मी खोलीला पुन्हा कडी घातली.

१ जानेवारी
फरशी कोरडी. कालही कोरडी होती. चहा करून ओट्यावर पाय पसरून बसलो. तुळजाबाईचं ते पायांचं पुराण! कुणाला तरी घाबरवल्याशिवाय या बायांना भाकर पचत नाही.

२ जानेवारी
जयदीपची गाडी उभी होती तिथला चिखल वाळला. त्यात पाय उमटलेत. चार बोटांचे. ओट्यावरून उतरून गाडीच्या मागच्या दारापर्यंत. तिथे संपतात.

तुळजाबाईकडे गेलो. ती म्हणाली, जो पाय न धुता उंबरा वलांडते त्याच्या मांगं तो जाते. मग विचारलं, कोनाच्या घरी गेला तो पोरगा?

स्वराच्या, एवढं म्हणून मी फोन शोधायला घरी पळालो.

३ जानेवारी
गच्चीवर पलीकडचा टॉवर लागतो. सगळी पानं धाडली, लपवलेलीसुद्धा. एकच टिक. तुमचा फोन बंद, जयदीपचाही. ताई, खोली नको मला. गोधडी नदीत टाका, स्वराला जवळ घेऊ नका — नाही, जवळच घ्या, तिचे पाय धुवा, सगळ्यांचे पाय —

४ जानेवारी
एकच टिक.

५ जानेवारी
तो आला परत. फरशीवर चार बोटं. आणि त्यांच्या शेजारी — लहान पाय. ओले. पाची बोटं नीट.

स्वरा तुमच्याजवळच आहे ना? जेवली, खेळून राह्यली, एवढाच निरोप धाडा ताई, लवकर धाडा, बाकी काही नको —

लहान पाय तिच्या खोलीकडे गेलेत. कडी मी घातली होती. आत कुणी तरी गोधडी झटकून —