निळ्या फुलाचा कप

प्रीतम,

भूकंपानंतर लातुरात महिनाभर आपली दोन्ही घरं एकाच ताडपत्रीखाली राहिली. तेव्हा माझी सोवळ्यातली आई तुझ्या आईच्या हातचा चहा मागून प्यायची. घरात परतलो आणि बौद्धांच्या पोरासाठी निळ्या फुलाचा कप वेगळा निघाला. तू हसलास, "लई भारी! माझा एकट्याचा कप हाय."

मेडिकलसाठी नांदेडला जाताना मला 'चल' म्हणालास. बाबांना त्यांच्या क्लासवर शिकवायला मी हवी होते. मी राहिले. लग्नानंतर तो कप तेवढा लपवून सासरी आणला. अजून रोज त्यातच चहा घेते.

काल लेकीनं क्लासमधला मित्र घरी आणला. त्यानं आडनाव सांगितलं, आणि आईसारखाच मीही त्याला चहा वेगळ्या, तुझ्या कपात दिला.

हे पत्र टाकणार नाही. 'तुझी' लिहायला हात धजत नाही.

मालविका