काडेपेटी शोधू नका

आबा,

आम्ही बचत गटाच्या बाया न्हावऱ्याला कुट्टी मशीन आणायला चाललोय. दुपारपतुर येते. तवर उसाच्या पाचटाला काडी लावायची न्हाई. मागल्या साली पेटलं, त्यात ठिबकच्या नळ्याबी वितळल्या, आन् तुम्ही म्हणालात, वाऱ्यानं कुठनं तरी ठिणगी आली.

यंदा आख्ख्या वाडीनं पाचट कुजवायचं ठरवलंय. कुट्टी करून सरीत पसरलं की त्याचंच खत हुतं आन् पाणीबी कमी लागतं. आपल्याच रानातनं धूर निघाला तर मी गटात तोंड कसं दाखवू?

भाकरी टोपल्यात, चहा थर्मासात हाय. घरातल्या साऱ्या काडेपेट्या मी पिशवीत घालून नेल्यात. बिडी तर तुम्ही दिवाळीलाच सोडलीत, तवा काडीवाचून काय अडायचं न्हाई.

तुमची सून,
प्रगती